मुलगी ओहायोला चाललीये आणि मी जन्माची मिशिगनची

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. थोडं छोटं करून देतेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, नमस्कार. मी सत्तेचाळीस वर्षांची, कोथरूडला राहते. २००२ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला अ‍ॅन आर्बरला गेले, मिशिगन युनिव्हर्सिटीत. जाऊन आठवडा पण झाला नव्हता आणि लॅबमधल्या कोणीतरी जास्तीचं तिकीट दिलं म्हणून फुटबॉलची मॅच बघायला गेले. ३१ ऑगस्ट, समोर वॉशिंग्टन. मला नियमातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटच्या सेकंदाला किक मारून आम्ही ३१-२९ जिंकलो आणि शेजारच्या अनोळखी आजीबाईंनी मला मिठी मारली. तो दिवस आणि आजचा दिवस. डिसेंबर २००३ ला पास झाले, मग डेट्रॉईटजवळ नोकरी, लग्न, मुलगी, २०१४ ला सगळे परत आलो. इथून रात्री जागून प्रत्येक मॅच बघते. नवरा म्हणतो कॉलेजात दीड वर्ष होतीस आणि चोवीस वर्षं झाली तरी उतरत नाहीये, बास आता. सासूबाई आमच्याकडेच असतात, एक्याऐंशी वर्षांच्या. मागच्या सीझनला रात्री दोनला मी ओरडले तर त्या घाबरून उठल्या, त्याचं मला खूप वाईट वाटतं. मैत्रिणी म्हणतात त्या टीममधला एक मुलगा तरी तुला ओळखतो का. आणि आता मुख्य गोष्ट. मुलीला ओहायो स्टेटला अ‍ॅडमिशन मिळाली, ती ऑगस्टमध्ये जाणार. त्या दिवशी ती त्यांचा लाल टीशर्ट घालून हॉलमध्ये आली, मला दाखवायला, आणि मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात निघून गेले. ती रडली. ती ऑगस्टमध्ये जाणार आणि मी तिच्याशी असं वागले. ताई, मी वेडी आहे का? हे सगळं सोडून द्यावं का? ऑगस्टमध्ये ती जाणार आहे."

अगं, आधी हे सांगते की तू वेडी नाहीयेस. आणि सोडायचं बिडायचं अजिबात नाही. पण लेकीकडे आधी जा, हे पत्र बाजूला ठेव आणि जा, तिला सांग की तो टीशर्ट परत घालून ये, मला नीट बघायचाय. बाकीचं आपण सावकाश बोलू.

ज्यांना हा सगळा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा तोच डोळ्यासमोर येतो. हा अमेरिकेतला, हेल्मेट घालून, अंड्यासारख्या लांबट चेंडूचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर अजून चार प्रयत्न, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा. माझ्या आईला मी कबड्डीवरून समजावला होता, की मध्ये रेषा आहे, दोन्ही बाजूंनी माणसं वाकून उभी आहेत, आणि एकाला पकडून पाडायचंय, तिला दहा मिनिटांत कळला. तिथे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्या इंटरकॉलेज मॅचसारखं काहीतरी असेल असं वाटतं पण तसं नाहीये. अ‍ॅन आर्बरचं स्टेडियम १९२७ चं आहे, एक लाख सात हजारांवर माणसं बसतात, १९७५ पासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, तिथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर लोक आलेत. २०१३ ला नोत्र दामविरुद्ध १,१५,१०९ माणसं होती. आणि ह्यातले पोरंटोरं किती, तर थोडी. बाकीचे सगळे तुझ्यासारखे, कॉलेज सोडून दहा, तीस, पन्नास वर्षं झालेले. आणि मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट ही मॅच १८९७ पासून चालू आहे, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते, तिला तिथे नुसतं 'द गेम' म्हणतात, कुठला गेम ते सांगावं लागत नाही. त्याच्या आधी, १८३५ मध्ये, ओहायो आणि मिशिगन (ते तेव्हा अजून राज्य झालं नव्हतं) टोलेडो गावावरून हत्यारं घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. सीमावाद काय असतो, किती पिढ्या मनात राहतो, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता मी हे कुठल्या अधिकाराने बोलतेय ते पण सांगते. मी नेब्रास्काची. लिंकनला शिकले, १९९६ ला सांगलीकडच्या शेतकरी घरातून उठून तिथे गेले. आमच्या टीमचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. मला तर नावावरूनच वाटलं की ही आपली माणसं. मी एका रिटायर्ड शाळामास्तरीणबाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहायचे. त्यांचे यजमान गेलेले, दोघांची मिळून दोन सीझन तिकिटं होती कितीतरी वर्षांची, यजमान गेल्यावर ती खुर्ची त्यांनी विकली नव्हती. पहिल्या शनिवारी त्यांनी मला त्यांचा एक लाल स्वेटर दिला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मक्याचे दाणे मांडून नियम शिकवले, आणि त्या खुर्चीवर नेऊन बसवलं. आपल्याला काय, आपण त्या देशात जाऊन पंधरा दिवस झालेले, नीट इंग्लिश कानाला समजत नाहीये, आणि सत्तर-ऐंशी हजार माणसं आपण घातलाय त्याच रंगात. मी त्या दिवशी पहिल्यांदा विसरले की मी परकी आहे.

ते सत्त्याण्णव साल तर तुला माहितीच असेल! तुमची टीम १२-०, आमची १३-०. सीझन संपल्यावर ज्या मोठ्या मॅचेस होतात त्यांना 'बोल' म्हणतात, आणि तेव्हा दोन वेगळ्या 'बोल'मध्ये अडकलेल्या टीम्स एकमेकांसमोर यायच्याच नाहीत, तुम्ही रोझ बोलला गेलात, आम्ही ऑरेंज बोलला, आणि मग पत्रकारांच्या मतदानात तुम्ही पहिले आणि कोचेसच्या मतदानात आम्ही. अर्धं अर्धं. त्याचा निकाल मैदानावर कधी लागलाच नाही. आमचे टॉम ऑसबोर्न त्या मॅचनंतर रिटायर झाले. त्या नोव्हेंबरमध्ये मिझुरीला आम्ही हरता हरता वाचलो होतो, शेवटच्या सेकंदांत एकाच्या पायाला लागून उडालेला बॉल दुसऱ्याने जमिनीपासून वीतभर वर पकडला. बाई आणि मी रेडिओ आणि टीव्ही दोन्ही लावून बसलो होतो आणि तो बॉल पकडल्यावर बाईंना उठवेना, इतके पाय गळाले होते त्यांचे. आणि त्यानंतर काय सांगू, त्यानंतर आम्ही पुन्हा कधी देशात पहिले आलोच नाही. २०१७ ते २०२३ सलग सात सीझन जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त. २०२१ ला तर आम्ही नऊ मॅच हरलो आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी फरकाने. म्हणजे प्रत्येक वेळी आशा लावून, अगदी दारापर्यंत नेऊन. पण कोविडचं वर्ष सोडलं तर स्टेडियम १९६२ पासून रिकामं राहिलेलं नाहीये. म्हणून सांगते, तू जे लिहिलंयस त्यातला शब्द न् शब्द मला कळतो.

आणि तुझं गणित पण मी मांडलं. तू पास झालीस त्या २००३ ला तुम्ही ओहायोला हरवलं, शंभरावी मॅच होती ती, ३५-२१, तू तिथे असणारच. त्यानंतर २००४ ते २०१९ सोळा वेळा ते दोघं भिडले आणि त्यातल्या पंधरा तुम्ही हरलात. मध्ये फक्त २०११. त्यातच २००७ ला अ‍ॅपलाचियन स्टेटसारख्या छोट्या कॉलेजकडून स्वतःच्या घरात ३४-३२ हरलात, सगळ्या देशाने ते तोंडाला हात लावून बघितलं. २०१५ ला मिशिगन स्टेटविरुद्ध दहा सेकंद उरलेली, नुसती लाथ मारून बॉल लांब घालवायचा होता, तो हातातून सुटला आणि समोरच्यांनी उचलून शेवटच्या रेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन. आणि तू तरी बघत राहिलीस. कोथरूडमध्ये, रात्री. मग २०२१ ला बर्फात ४२-२७, आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनला वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून सगळं जिंकलात, म्हणजे बघ, २००२ ला ज्यांच्यासमोर तू पहिल्यांदा बसलीस त्यांनाच. ती आपली मंगळवारची सकाळ होती. तू काय केलंस गं त्या सकाळी? डबे भरलेस, ऑफिसला गेलीस, आणि कोणाला सांगितलंस? माझा अंदाज आहे की कोणालाच नाही.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. तू जागतेस ह्याचं मला काही वाटत नाही, तू एकटी जागतेस ह्याचं वाटतं.

आपल्यात एखादी बाई पन्नाशीची झाली, साठीची झाली, आणि माहेरच्या गावचं नाव निघालं की तिचा चेहरा फुलतो, माहेरचा कोणी परीक्षेत पहिला आला की ती पेढे वाटते, तिकडच्या देवीची जत्रा कधी आहे ते तिला कॅलेंडर न बघता माहीत असतं. तिला कोणी विचारतं का, की तू तिथे फक्त वीस वर्षं होतीस आणि इथे चाळीस झाली, बास आता? तिथल्या नव्या पोरांपैकी एक तरी तुला ओळखतो का? नाही विचारत. कारण सगळ्यांना कळतं की माहेर म्हणजे तिथली आत्ताची माणसं एवढंच नसतं. तिथे ती तिच्या स्वतःच्या नावाने ओळखली जायची. अ‍ॅन आर्बर तुझं तसलं माहेर आहे. आणि ते तुला जन्माने मिळालेलं नाहीये, तेवीस वर्षांची असताना एकटीने विमानात बसून, कर्ज काढून असेल बहुतेक, तू ते मिळवलंस. तिथे तू कोणाची मुलगी, बायको, सून, आई नव्हतीस. आणि आता तुझ्या सगळ्या आठवड्यात ते एवढंसं, साडेतीन तासांचं, शिल्लक आहे. ते सोडून दे म्हणून मी सांगू? मी नाही सांगणार.

बरं, नवऱ्याचं. मी त्यांना वाईट म्हणत नाहीये, अमेरिकेतून परत आल्यावर त्यांनी बहुतेक तो चॅप्टर बंद केला असेल आणि तू तो उघडा ठेवलास हे त्यांना कुठेतरी टोचत असेल, तसं खूप घरांत असतं, त्याबद्दल एकदा शांतपणे बोला. पण 'बास आता' ला उत्तर आहे. आयपीएलच्या एका सीझनला ७४ मॅचेस होतात, ते चेन्नईवाल्यांच्या सगळ्या बघतात आणि बाकीच्या पण निम्म्या, मूळ पत्रात तूच लिहिलंयस. मिशिगनच्या रेग्युलर सीझनला बारा असतात. वर्षात बारा. हे भांडायला म्हणून सांगू नकोस, पण आकडा सांग, कारण घरात बाईची आवड ही नेहमी जास्तच वाटते, ती प्रत्यक्षात किती आहे हे कोणी मोजत नाही. आणि पुरुषाला कोणी म्हणत नाही की तू चेन्नईत कधी राहिलास, तुला धोनी ओळखतो का. तुझ्या कॉलेजने १८७० ला मुलींना प्रवेश दिला पण मॅचला वाजणाऱ्या त्या बँडमध्ये मुलींना घ्यायला १९७२ उजाडलं. जवळजवळ शंभर वर्षं मुली स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवत होत्या आणि बँडबरोबर मैदानावर उतरू शकत नव्हत्या. तुला मिठी मारणाऱ्या त्या आजीबाई त्याच काळातल्या असतील, हे मला तुझं पत्र वाचताना एकदम जाणवलं.

मैत्रिणींचा प्रश्न पण मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे आणि आता जास्त खरा झालाय. खेळणारी पोरं चार वर्षांत बदलतात, आता तर ट्रान्सफर सोपी झाल्यामुळे वर्षात पण बदलतात. २०२१ पासून ती स्वतःच्या नावावर पैसे कमवू शकतात, २०२५ पासून कॉलेजेस त्यांना थेट पैसे देतात, पहिल्याच वर्षी एका कॉलेजला दोन कोटी डॉलर्सच्या वर द्यायची मुभा होती. मला स्वतःला पोरांना पैसे मिळतात ह्याचा आनंदच आहे, इतकी वर्षं त्यांच्या अंगावर सगळे श्रीमंत झाले, त्यांच्या मेंदूला मार बसतो, गुडघे जातात, त्यांना मिळायलाच हवे होते. पण हो, आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, पुढच्या वर्षी समोरच्यांकडून खेळताना दिसला की पोटात कालवतं. तुमची लीग तर आता अठरा कॉलेजची झालीये, मिशिगनवरून उठून कॅलिफोर्नियाला मॅच. एवढं सगळं बदललं तरी तुझं काय बदललं नाही? ते हेल्मेटवरचे पंख, १९३८ पासूनचे. पिवळा आणि निळा. शनिवार. आणि त्या स्टँडमधली माणसं, त्यांच्यात तू धरून. टीममध्ये सगळ्यात जास्त वर्षं टिकलेली माणसं ती तुम्ही आहात, खेळणारे पाहुणे असतात. तेव्हा मैत्रिणींना सांग की नाही, तो मला ओळखत नाही, पण तो स्टेडियमच्या ज्या बोगद्यातून पळत मैदानावर येतो तिथे माझ्या आधीपासून आणि माझ्या नंतर कोणीतरी उभं असणार आहे आणि त्या रांगेत माझी एक जागा आहे.

सासूबाईंचा मुद्दा मात्र तुझी चूक आहे हो. एक्याऐंशीच्या माणसाला रात्री दोनला दचकवायचं नाही. ह्यावर साधे उपाय आहेत. तिकडे दुपारी बाराची मॅच असली की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा, ती लाइव्ह बघ. साडेतीनची असली की आपला एक वाजतो, ती बघू नकोस, फोन बंद कर, झोप, रविवारी सकाळी उठून रेकॉर्डेड बघ, स्कोअर कळू न देणं हे अवघड आहे मला माहितीये पण पुण्यात तुला स्कोअर सांगणारं आहे तरी कोण. आणि संध्याकाळी साडेसातची असली की आपली पहाटेची पाच, म्हणजे ती तर उत्तमच, चहा कर आणि बस. झालं, बारातल्या तीन-चारच बदलल्या तू. बघताना इयरफोन लाव आणि ओरडायचं असेल तर उशी घे तोंडावर, मी अपार्टमेंटमध्ये वर्षानुवर्षं तेच केलंय.

पण सासूबाईंबद्दल अजून एक. तुझ्या मूळ पत्रात तू जाता जाता लिहिलंयस, मी वर छापताना ते गाळलं, की त्या सवाई गंधर्वच्या जुन्या रात्रींच्या गोष्टी सांगतात, रमणबागेत घोंगडी नि थर्मास घेऊन बसायच्या आणि पहाटे भीमसेनजींचं गाणं ऐकून मगच घरी यायच्या. अगं, ही बाई तुझ्या घरात आहे आणि तू तिच्यापासून लपवून मॅच बघतेस? थंडीत रात्रभर जागणं म्हणजे काय, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर एकाच वेळी अंगावर काटा येणं म्हणजे काय, आणि पंचवीस वर्षांनी सुद्धा ती सम आठवून डोळे भरणं म्हणजे काय, हे तुझ्या नवऱ्यापेक्षा, तुझ्या मैत्रिणींपेक्षा त्यांना जास्त कळेल. त्यांना पहाटे पाचच्या मॅचला बोलाव. त्या तशाही उठलेल्या असतील. नियम सांगू नकोस, त्या आजीबाईंच्या मिठीची गोष्ट सांग.

आता लेक.

तुझ्या पत्रात 'ती ऑगस्टमध्ये जाणार' हे तीनदा आलंय. मी मुद्दाम तिन्ही तसेच ठेवलेत छापताना. टीशर्ट लाल होता म्हणून तू तोंड फिरवलंस असं तुला वाटतंय, मला नाही वाटत. तो निळा असता तरी तू स्वयंपाकघरात गेली असतीस. तो टीशर्ट घालून ती उभी राहिली तेव्हा तुला पहिल्यांदा दिसलं की ही खरंच चालली. लाल रंगाने तुला एक कारण दिलं एवढंच. तिला ते माहीत नाही, ती समजतेय की आईला माझ्यापेक्षा तिची टीम मोठी. म्हणून तिला हे असंच्या असं सांग, की मला तुझ्या कॉलेजचा राग आला नाही, तू जाणार ह्याचं मला रडू आलं. एवढं वाक्य म्हणायला जड जातं आपल्या घरांत, पण म्हण.

आणि तिला तिचं माहेर मिळू दे. तुला जसं मिळालं तसं, तू नसताना, स्वतःचं. तिच्या ओहायोच्या स्टेडियमला घोड्याच्या नालेसारखा आकार आहे म्हणून हॉर्सशू म्हणतात, १९२२ चं आहे, तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी जुनं. त्यांचा बँड मैदानावर चालत चालत ओहायो हा शब्द कर्सिव्ह अक्षरांत लिहितो आणि शेवटी एक जण सूझाफोन नावाचं ते मोठं फुंकून वाजवायचं वाद्य घेऊन ऐटीत जाऊन इंग्रजी 'आय' वरचा टिंब देतो, ते बघताना तिच्या अंगावर काटा येणार आहे, आणि ती तुला फोन करून सांगेल. तेव्हा तू गप्प ऐकायचंस. नंतर कधीतरी, घाई न करता, तिला सांग की त्यांच्या बँडने ते १९३६ ला सुरू केलं पण त्या मैदानावर तो शब्द कर्सिव्हमध्ये १९३२ ला मिशिगनच्या बँडने लिहून दाखवला होता. हा तुमच्या दोघींमधला दुवा आहे, जपून वापर. आणि हो, 'द गेम'च्या आठवड्यात ओहायो स्टेटचे लोक कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' वर लाल फुली मारतात, तिचा असा फोटो आला तर मनाला लावून घेऊ नकोस.

मला जे शिकायला मिळालं ते तुला सांगते. मी म्हटलं ना बाईंनी मला पहिल्या मॅचला नेलं. आम्ही जिंकलो, लोक उठायला लागले, मी पण पर्स उचलली. बाईंनी माझा हात धरून मला थांबवलं. बघते तर समोरची हरलेली टीम मान खाली घालून मैदानाबाहेर जात होती आणि त्या कोपऱ्यातले आमचे लोक, सगळे लाल कपड्यातले, उभे राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला वाटलं चिडवतायत. बाई म्हणाल्या नाही, ती लांबून आलेली पोरं आहेत, कोणाची तरी मुलं आहेत. मी वाजवल्या. लिंकनमध्ये अजून वाजवतात, आम्ही हरलेलो असलो तरी. २०२१ ला तुमची मिशिगन लिंकनला येऊन ३२-२९ जिंकून गेली तेव्हा मी घरात टीव्हीसमोर उभी राहून, बाईंचा तो लाल स्वेटर घालून, तुमच्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्यात. डोळ्यात पाणी होतं आणि वाजवत होते.

त्यामुळे तू मिशिगन सोडू नकोस आणि लेकीसाठी ओहायोची झाल्याचं नाटक पण करू नकोस, ते तिला लगेच कळेल आणि तिला ते नको असेल. तिला समोर उभी असलेली आई हवी आहे, खरीखुरी, निळ्यापिवळ्यातली. तुमची 'द गेम' सम वर्षी कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, असते आणि विषम वर्षी अ‍ॅन आर्बरला, म्हणजे तिच्या चार वर्षांत दोन तिच्या घरी आणि दोन तुझ्या घरी. मध्ये तीन-सव्वातीन तासांचा गाडीरस्ता आहे, टोलेडोवरूनच जातो. एका विषम वर्षी पैसे साठवून जा. तिला तुझं कॅम्पस दाखव, लायब्ररीसमोरचा तो जमिनीतला पितळी 'एम' दाखव ज्याच्यावर पहिल्या परीक्षेआधी पाय द्यायचा नसतो, तुझी लॅब, तुझ्या बसचा स्टॉप, जिथे तू पहिल्या थंडीत रडली असशील ती जागा. ती लाल जॅकेट घालून येईल. येऊ दे. तिकिटं शेजारशेजारची काढा.

तोपर्यंत पहिल्या नोव्हेंबरसाठी एवढंच ठरवून ठेव की ती तिकडे दुपारी मॅच बघत असेल आणि तुझे इकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील, मॅचच्या आधी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल, दोघी आपापल्या रंगात, मग कॉल बंद, मॅच संपेपर्यंत एकमेकींना काहीही पाठवायचं नाही, आणि संपल्यावर जी हरेल तिला दुसरीने आधी फोन करायचा. मॅचबद्दल एक शब्द न काढता आधी विचारायचं, जेवलीस का.

आमची आयोवाबरोबरची मॅच बहुतेक आदल्या दिवशी शुक्रवारी असते, त्यामुळे त्या शनिवारी मी मोकळी असते. तुझा फोन करून झाला आणि तरी झोप येत नसेल तर मला लिही, मी जागी आहे.